श्री. सोळावे

त्यांच्याबद्दल मी हॅम्बर्गमधल्या निदान चाळीस माणसांना सांगितलं आहे. वाढदिवसाच्या पार्ट्यांत, गणपतीच्या महाप्रसादाच्या रांगेत, एकदा तर परदेशी नागरिकांच्या कचेरीत नंबर यायची वाट बघताना एका अनोळखी नागपूरकराला. दर वेळी लोक हसले. एरवी मी बोलका माणूस नाही. चार लोकांत माझ्या वाट्याला कोपऱ्यातली खुर्ची येते आणि 'तुम्ही काहीच बोलत नाही' हे वाक्य येतं. पण काकांचा विषय निघाला की मला वाचा फुटायची. तर आज पुन्हा सांगतो. फक्त या वेळी सगळं सांगतो, आजवर गाळत आलो तेसुद्धा.

काका नात्यानं माझे कुणी नव्हेत. माझ्यापेक्षा तेरा-चौदा वर्षांनी मोठे, आणि परदेशात काका व्हायला तेवढं अंतर पुरतं. मूळचे बार्शीचे. हॅम्बर्गमध्ये विमानांची आतली रचना करणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर. दोन आसनांमधलं अंतर प्रवाशाला कळणार नाही अशा बेतानं कमी करणं हे त्यांचं काम. म्हणजे लोकांच्या गुडघ्यांतून इंचभर जागा वाचवण्याचा त्यांना पगार मिळायचा, आणि तो पगार ते बाकी सगळीकडे तसाच इंचाइंचानं वाचवायचे. वीस वर्षं तिथे काढल्यामुळे बोलण्यात 'आल्झो' आणि 'गेनाऊ' मुरलेले. 'गेनाऊ' म्हणजे 'अगदी बरोबर'. 'आल्झो' म्हणजे खरं तर नुसतं 'तर मग', पण काकांनी 'आल्झो' म्हणून खुर्ची पुढे ओढली की समजायचं, आता हे आपले पैसे वाचवल्याशिवाय उठू देणार नाहीत.

व्यसन एकच, बोटीवरची सहल. क्रूझ. लोकांना वाटायचं, एवढा चिक्कू माणूस आणि शौक असला राजेशाही? मीही ते अचंब्यानं सांगायचो. काकांचं उत्तर तयार असे. "अरे, आमच्याकडे नळाला पाणी चार-चार दिवसांनी यायचं. आणि इथे बघ. जिकडे नजर टाकशील तिकडे पाणी, आणि तेही आपल्याला भरून ठेवायचं नाही."

आता वाचवण्याची पद्धत. खोली घ्यायची ती बोटीच्या पोटातली, बिनखिडकीची. "खिडकीचे जास्तीचे पैसे कशाला द्यायचे? झोपल्यावर समुद्र कोण बघतं? जागं असताना डेक आहे की, सगळ्यांचा." कुठली खोली हेही आपण निवडायचं नाही, कंपनी देईल ती घ्यायची, त्यात आणखी स्वस्त पडतं. अशानं एका वर्षी काका-काकूंना बोटीच्या इंजिनावरची खोली मिळाली. काकू सांगायच्या, "आठ दिवस पिठाच्या गिरणीत झोपलो गं बाई." त्यावर काका: "तुझी पाठ थांबली ना पण दुखायची? तिकडे मसाजला पासष्ट युरो घेत होते."

बोटीवर पाण्याची किटली चालत नाही, आगीच्या भीतीनं. काकांनी कधी नियम मोडला नाही. हे लक्षात घ्या, मी ते फारसं सांगत नसे. ते नियमाच्या कडेकडेनं चालायचे. जेवणघरात उकळतं पाणी फुकट असतं. काकूंच्या पर्समध्ये चहाची पूड, सुंठ आणि एक थर्मास. दुपारी चार वाजता सगळे जर्मन आजी-आजोबा केक खायला जमले की या दोघांचा चहा तयार. बोटीवरचा फोटोग्राफर येता-जाता फोटो काढतो आणि भिंतीवर लावून ठेवतो, हवा तर विकत घ्या. काका घेत नसत. त्या भिंतीवरच्या आपल्या फोटोशेजारी तसंच हसत उभे राहायचे आणि काकूंना मोबाइलवर फोटो काढायला लावायचे. त्यांच्या अल्बममध्ये त्यामुळे काका नेहमी दोन असत. एक नटलेले, एक वसूल झालेले.

पण खरी कला किनाऱ्यावर. बोट बंदराला लागली की कंपनीच्या महागड्या सहली असतात, बस आणि गाइडसकट. काका त्याच सहलीमागे पायी जायचे. "गाइडच्या छत्रीपासून बारा पावलं," ते मला शिकवायचे. "दहा पावलांवर ती वळून बघते. पंधरावर ऐकू येत नाही. बारा. चेहरा असा ठेवायचा, जणू आपल्याला त्या चर्चमध्ये काडीचा रस नाही." तालिनला ते असे दीड तास बारा पावलांवरून हिंडले. माहिती पुष्कळ मिळाली. ती सगळी इटालियनमध्ये होती, हे काकूंनी परत आल्यावर सांगितलं. "म्हटलं, मान इतकी डोलावताहेत, तर समजत असेल."

एक गोष्ट मात्र मी चाळीसांपैकी एकालाही सांगितली नाही. सहलीच्या शेवटच्या सकाळी काका खोली साफ करणाऱ्या माणसाला स्वतः शोधून काढायचे, फिलिपिनो असो की गोव्याचा, आणि त्याच्या हातात पाकीट द्यायचे. त्यातली रक्कम एकदा ते घरी पाकीट भरत असताना मी चुकून पाहिली. माझे डोळे विस्फारलेले बघून ते म्हणाले, "मी पैसे वाचवत नाही रे. जिथे जायला नकोत तिथे त्यांना जाऊ देत नाही, एवढंच."

हे वाक्य मला तेव्हा फार शहाणपणाचं वाटलं नव्हतं. पैशाला वळण लावणाऱ्या माणसाचं वाक्य वाटलं होतं.

आमची सामुदायिक सहल ठरली ती काकांच्या हॉलमध्ये, पोह्यांच्या साक्षीनं. ऑक्टोबरच्या शाळेच्या सुट्टीत नॉर्वे. ऑक्टोबरमध्ये नॉर्वेला का, तर तेव्हा कुणी शहाणा जात नाही म्हणून. चार घरं, सोळा माणसं. त्यात आम्ही चौघं: मी, बायको, सात वर्षांची मुलगी, आणि पुण्याहून तीन महिन्यांसाठी आलेल्या सासूबाई. "आईला आम्ही नॉर्वेला नेतोय" हे वाक्य बायकोनं पुण्यात इतक्या ठिकाणी पोचवलं होतं, की आता नॉर्वेनं नकार दिला असता तरी आम्हाला जावं लागलं असतं. अनामत रक्कम भरून झाली. कीलच्या बंदरापर्यंत जायला काकांनी गाडी आणू दिली नाही, तिथलं पार्किंग म्हणे दरोडा आहे. पाच जणांत एक चालतं असं रेल्वेचं राज्य-तिकीट काढायचं, आणि ते सकाळी नऊनंतरच चालतं, म्हणून सोळा माणसांनी, पंचवीस बॅगांसकट, नऊ वाजून काही मिनिटांच्याच गाडीत चढायचं. कुणी कुरकुर केली नाही. आपल्या लोकांचा स्वभाव असा, की चिक्कूपणाला हसायचं आणि त्यातून आपले वाचले की "काका, तुम्ही ग्रेट आहात" म्हणायचं.

आणि मग माझी नोकरी गेली.

त्यात नाट्य काही नव्हतं. नवीन कंपनीत लागून सहा महिने होत आले होते. तिकडे पहिल्या सहा महिन्यांना प्रोबेत्साइट म्हणतात, उमेदवारीचा काळ. त्यात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर कुणी कुणालाही घरी बसवू शकतं, कारण द्यावं लागत नाही. माझा काळ संपायला अकरा दिवस उरले असताना साहेबिणीनं मला आत बोलावलं, पाण्याचा ग्लास पुढे केला आणि अतिशय सभ्यपणे घरी बसवलं. ब्लू कार्डवर, म्हणजे नोकरीच्या परवान्यावर, राहणाऱ्या माणसाची नोकरी गेली की ते सरकारला कळवायचं, आणि तीन महिन्यांत दुसरी शोधायची, नाहीतर आवरा.

मी सरकारला कळवलं. बायकोला नाही.

का, ते आजही नीट सांगता येत नाही. सासूबाई घरात होत्या. रोज सकाळी त्या माझ्यासाठी डबा भरायच्या आणि दारात उभ्या राहून म्हणायच्या, "सावकाश जा हो." मी सावकाशच जायचो. कुठेच पोचायचं नव्हतं. हॅम्बर्गमध्ये बंदरातली फेरीबोट मंथली पासावर चालते. या काठावरून त्या काठावर, दिवसभर. मी डबा घेऊन तिच्यात बसायचो आणि पाच वाजता 'ऑफिसातून' घरी यायचो.

दहाव्या दिवशी त्या फेरीत काका चढले. कंपनी नदीपलीकडे, म्हणून रोज याच फेरीनं जायचे. पण ते सकाळी सातला. त्या दिवशी दाताचं काही काम होतं, म्हणून अकराला आले. एक गाल सुजलेला. समोर येऊन बसले. माझ्या मांडीवरच्या पिशवीकडे पाहिलं.

"काय आहे डब्यात?"

"भेंडी."

"उघड. गार भेंडी एकट्यानं खाऊ नये."

"काका, तुमचा दात..."

"एका बाजूनं खातो."

आम्ही खाल्लं. पलीकडचा धक्का आला, ते उतरले नाहीत. फेरी परत फिरली.

"किती दिवस?" त्यांनी विचारलं.

"कामावरून काढल्याला पंधरवडा झाला. इथे दहा."

"तिला?"

मी मान हलवली. नाही.

"आल्झो," काका म्हणाले, आणि मी घाबरलो की आता उपदेश येणार. पण ते म्हणाले, "ही फेरी चांगली आहे. आत हीटरही आहे. फक्त या बाजूच्या काचेशी बसू नकोस. मासळीबाजाराच्या धक्क्यावरनं तोंड स्पष्ट दिसतं. तिकडे खांबामागे बस."

मी तेव्हा सांगून टाकलं, की सहलीचे उरलेले पैसे सगळ्यांचे भरणं मला जमणार नाही. तिघांचं कसंबसं होईल. पण सासूबाईंचं रद्द करायचं तर कारण द्यावं लागेल. आणि कारण दिलं की...

"सासूबाईंचं भरू नकोस," काका म्हणाले. "सोळा जणांच्या ग्रुपला कंपनी एक जागा फुकट देते. कालच पत्र आलं. मी अजून कुणाला बोललो नाही. सगळ्यांना सारखं वाटून टाकणार होतो. पण वाटून प्रत्येकाला काय मिळणार? दोन वेळच्या बिअरचे पैसे. ती जागा सासूबाईंची."

माझ्या तोंडून आभाराच्या आधी दुसरंच निघालं. "कुणाला कळू देऊ नका, काका."

"नाही कळणार."

"काकूंनाही नको. त्या हिच्याशी रोज फोनवर बोलतात. शब्द द्या मला."

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "दिला," म्हणाले. "ते डब्याचं झाकण नीट लाव. तेल सांडलं तर सासूबाई विचारतील."

इतकं माझ्यासाठी कुणी केलं नव्हतं. हे लिहिताना कळतं आहे, की लाज वाटण्याजोगी गोष्ट इथपर्यंत एकही घडलेली नाही. नोकरी जाते माणसाची. पुढचं माझं मी केलं.

बोटीवरचा चौथा दिवस. बाहेर पाऊस, खाली फ्योर्ड, म्हणजे डोंगरांच्या मधे शिरलेला समुद्र, आणि जेवणघरात आम्ही दोन टेबलं जोडून बसलेलो. सासूबाई सकाळपासून खुशीत होत्या. "जावई असावा तर असा," असं त्यांनी तीन वेगवेगळ्या टेबलांवर सांगून झालं होतं. माझी मुलगी माशाच्या तुकड्याकडे बघून आईला म्हणत होती, "मामा, इश माग दास निश्त," म्हणजे 'आई, मला हे आवडत नाही', आणि आई तिला म्हणत होती, "मराठीत नाही म्हण, मग बघू."

आमच्यात एक सबनीस वहिनी होत्या, ब्राउनश्वाइगच्या. त्या एका मोटार कारखान्याच्या खरेदी विभागात होत्या. लोकांचे करार वाचणं हा त्यांचा पेशा, आणि दुर्दैवानं छंदही.

"काका, एक विचारू? रागावू नका हं," वहिनी म्हणाल्या. "काल पाऊस होता ना, तर मी आपल्या बुकिंगच्या अटी वाचत बसले होते."

"सुट्टीत बायका कादंबरी वाचतात," त्यांचे यजमान म्हणाले.

"थांब रे. काका, त्यात लिहिलंय, सोळा जण असले तर एक जागा मोफत."

"गेनाऊ," काका म्हणाले. "आठवं कलम."

"मग ती कुणाला मिळाली?"

काका पावाला लोणी लावत होते. लोणी फुकट असल्यामुळे त्या कामात त्यांचा हात सढळ असे. ते लावत राहिले. "जिला मिळायला हवी होती तिला मिळाली."

मग माझ्या बायकोनं टाळी वाजवली. "म्हणजे काकूंनाच की! अहो काका, तुम्ही पण ना! निदान सगळ्यांना एकेक आइस्क्रीम तरी द्या त्यातून!"

सगळे हसले. काकू हसल्या नाहीत. त्यांनी काकांकडे पाहिलं आणि हातातला काटा खाली ठेवला.

"जाऊ दे गं," सासूबाई मोठ्या मनानं म्हणाल्या. "सगळी खटपट त्यांनी केली. घेतली असेल एक जागा, तर काय बिघडलं? आपण तर पैसे भरून आलोय ना, मग आपली मान ताठ."

तेव्हा काकांनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच. त्या नजरेत मागणं नव्हतं. चालत्या गाडीत आपण समोरच्याला 'तुझं स्टेशन आलं का' म्हणून बघतो, तेवढंच होतं. उतरायचं की नाही, हे माझं मी ठरवायचं होतं.

मी उतरलो नाही. मी ग्लास उचलला. मी, ज्याला चार लोकांत बोलता येत नाही, तो उभा राहिलो आणि म्हणालो, "पंधरा जण पैसे भरणारे, आणि हे आमचे श्री. सोळावे! बोला, श्री. सोळाव्यांचा विजय असो!"

काय हशा पिकला म्हणून सांगू! सबनीसांच्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारच्या टेबलावरचे जर्मन वळून बघू लागले. बायकोनं माझ्या पाठीवर थाप मारली. लग्नाला दहा वर्षं होऊन मी प्रथमच काहीतरी विनोदी बोललो होतो. काकाही थोडेसे हसले. पाव खाऊन झाल्यावर म्हणाले, "केक चारलाच संपतो, लवकर जा," आणि काकूंना घेऊन उठून गेले.

त्या सहलीत मग त्यांनी कुणाच्या गाइडमागून बारा पावलं चालून दाखवलं नाही. काकू डोकं दुखतंय म्हणून खोलीतच असायच्या. त्या बिनखिडकीच्या खोलीत.

डिसेंबरात मला नोकरी लागली. ती काकांनी लावून दिली नाही. तेवढं गोड करून सांगायला नको. माझी मीच मिळवली. पहिल्या पगारावर बायकोला म्हटलं, "अगं, मधे जरा कंपनी बदलली मी." ती म्हणाली, "बरं झालं, जुनीतली साहेबीण खडूसच होती." झालं. एवढ्यावर मिटलं. दोन महिने फेरीच्या खांबामागे बसून मी ज्याला भीत होतो, ते एका वाक्यात आटोपलं.

नाव मात्र राहिलं. श्री. सोळावे. आमच्या मराठी मंडळात नवीन आलेली माणसं विचारायची, "ते सोळावे काका कोण हो? आडनाव कुठलं म्हणायचं?" की मी सुरू. किटलीचं, फोटोशेजारच्या फोटोचं, इटालियन गाइडचं, आणि शेवटी फुकट जागेचं. सांगून सांगून त्याला घाट आला होता. कुठे थांबायचं, कुठे काकूंचा आवाज काढायचा, सगळं बसलेलं. मला लोक जेवायला बोलवू लागले.

पुढच्या वर्षी गणपतीच्या आधी बैठक झाली. वर्षानुवर्षं उत्सवाचा हॉल काकाच ठरवायचे, कुठल्या तरी चर्चचा, अर्ध्या भाड्यात. कुणीतरी म्हणालं, "या वर्षी पैशाची कामं दुसऱ्या कुणाकडे देऊ या का? म्हणजे काकांवर तेवढाच भार कमी." भार कमी करण्याच्या बाजूनं पाच हात वर गेले. मी तटस्थ राहिलो. मला ते छान जमतं. काकांनी किल्ल्या टेबलावर ठेवल्या, चर्चच्या बाईचा फोन नंबर लिहून दिला, "ती मंगळवारी नसते" एवढं सांगितलं आणि घरी गेले. त्या वर्षी हॉल दुप्पट भाड्यानं मिळाला आणि सगळ्यांना फार पारदर्शक वाटलं.

पुढे काका-काकू ड्युसेलडॉर्फला गेले, मुलगी तिथे नोकरीला होती म्हणून. ते आता क्रूझला जात नाहीत, असं कुणीतरी सांगितलं. मी तेही जोडून घेतलं: "सोळा माणसं जमेनात, म्हणून जात नाहीत!"

असं सहा वर्षं चाललं. मग एका रविवारी दुपारी आमच्याकडे एक नवीन जोडपं जेवायला आलं होतं. मी सुरू झालो. शेवटपर्यंत पोचलो, ग्लासही उचलला. पाहुणे हसले. माझी मुलगी, आता तेरा वर्षांची, मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाली, "पापा, आबर वारूम हात एअर निश्त्स गेझाग्त?"

पण मग ते काहीच का बोलले नाहीत?

"म्हणजे?" मी विचारलं.

तिनं खांदे उडवले आणि मोडक्या मराठीत समजावलं. "एवढे हसतात सगळे. तो माणूस... काही तर बोलतो ना. मी घेतला किंवा मी नाही घेतला. तो का नाही बोलला?"

चाळीस मोठ्या माणसांत हा प्रश्न कुणाला पडला नव्हता.

पाहुणे गेल्यावर बायको भांडी पुसत होती तेव्हा मी सांगितलं. नोकरी, फेरी, भेंडी, शब्द. ती पुसत राहिली. मग तिनं फडकं ठेवलं.

"आईची जागा?" ती म्हणाली. "ती फुकट जागा आईची होती?"

"हो."

"आणि मी टेबलावर टाळ्या वाजवून आइस्क्रीम मागितलं त्यांच्याकडे. तू शेजारी बसला होतास." तिचा आवाज चढला नाही. "नोकरी गेली ते नाही सांगितलंस, ते समजू शकते मी. पण तू मला बोलू दिलंस?"

उत्तर तिनं मागितलं नाही. ओल्या हातानंच फोन घेतला आणि पुढच्या शनिवारची तिकिटं काढली.

दार काकूंनी उघडलं. बारीक झाल्या होत्या. "अगं बाई, तुम्ही!" म्हणाल्या. बायको काही न बोलता वाकली, त्यांच्या पायाला हात लावला, मग आत जाऊन काकांच्या. काका खिडकीशी खुर्ची टाकून बसले होते. खाली ऱ्हाइन नदी. मालाच्या लांबलचक बोटी चालल्या होत्या.

मी उभ्याउभ्याच बोललो. गाडीत पाठ केलं होतं, तरी उलटसुलट झालं. काकांनी सगळं ऐकून घेतलं.

"तिला सांगितलंस का?" त्यांनी माझ्या बायकोकडे बोट दाखवलं.

"हो काका."

"मग झालं की. मला त्यात काय नवीन?" आणि खुर्ची पुढे ओढून: "आल्झो, आलात कुठल्या तिकिटावर? त्या महागड्या आयसीई गाडीनं? दोघं? शनिवारी? अरे, आधी एक फोन करायचा होतास, मी तुला..."

"थांबा जरा," काकू म्हणाल्या.

त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांच्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

"म्हणजे तुम्ही घेतली नव्हती?"

"नाही," काका म्हणाले.

"मी तेव्हा खोलीत विचारलं तुम्हाला. 'विचारू नकोस' म्हणालात. नवरा 'विचारू नकोस' म्हणतो, तेव्हा बायकोनं काय समजायचं असतं?"

"शब्द दिला होता गं याला."

"मलाही दिला होता की एक. बार्शीला, चारशे माणसांसमोर." काकूंनी पदरानं नाक पुसलं. "सहा वर्षं मी देवापुढे तुमच्या नावानं माफी मागतेय. त्या देवानं तरी सांगायचं होतं मेल्यानं! लोक म्हणतील फुकट फिरतात, म्हणून मी म्हटलं, आता बोटीवर पाय ठेवायचा नाही. तुम्ही 'बरं' म्हणालात. नुसतं 'बरं'! आणि इथे बसून कोळशाच्या बोटी बघता."

"त्याही बऱ्या असतात," काका म्हणाले. "तिकीट नाही."

काकू माझ्याकडे वळल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नीट समजून घेऊ बघत होत्या.

"नोकरी कधी लागली रे तुला मग?"

"बोटीवरून आल्यावर, काकू. डिसेंबरात."

"म्हणजे डिसेंबरात तुझं सगळं ठीक झालं होतं."

"हो."

"मग पुढची सहा वर्षं?"

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. हे तिनं विचारलं नव्हतं. खिडकीकडून काकांनीही मान वळवली. लाज, व्हिसा, सासूबाई, घाबरलो होतो, अशी चार उत्तरं मी गाडीत तयार केली होती. चारही डिसेंबरपर्यंतच पुरत होती.

म्हणून मी खरं ते सांगितलं.

"काकू," मी म्हणालो, "किस्सा फार चांगला जमला होता."

कुणी हसलं नाही.